छपराला पट कळत नाही

पाटण तालुक्यात डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे अर्धा तास चढण चढले की एक वस्ती लागते. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेवर मी चार वर्षे होतो. पहिल्याच जुलैत लक्षात आले की कोण कुठे बसणार हे इथे पाऊस ठरवतो. पश्चिमेची झड लागली की कौलांच्या सांध्यांतून पाणी आत येई आणि तिसरी-चौथीची मुले पहिली-दुसरीच्या खोलीत येऊन बसत. त्या खोलीतही दोन जागी गळायचे. तिथे पोषण आहाराची पातेली मांडलेली असत. मधे जी कोरडी पट्टी उरे तिच्यावर सतरा मुले एकमेकांना खेटून बसायची. जनरल रजिस्टर आणि दाखल्यांची पुस्तके मी पत्र्याच्या पेटीत घालून पेटी चार विटांवर चढवली होती, वर खताचे रिकामे पोते टाकले होते. एकदा दुसरीतल्या एका मुलीने पाटी डोक्यावर धरली आणि विचारले, "गुरुजी, मग लिवायचं कशावर?"

निवृत्त होऊन आता मी साताऱ्यात राहतो. शहरातल्या आणि खेड्यातल्या शाळांना इमारतींसाठी पैसा कसा वाटावा, यावर चार जणांत बोलणे निघाले की मला डोक्यावर धरलेली ती पाटी आठवते. कारण हा प्रश्न बहुतेक वेळा 'शहराला जास्त मिळते की खेड्याला' असा मांडला जातो, आणि तसा मांडला की भांडण होते, उत्तर मिळत नाही. मला वाटते, खरी गोम पैसा कशावर मोजून दिला जातो यात आहे.

समग्र शिक्षा योजना २०१८ साली आली. तिच्यातले संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. सध्याच्या दराने ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि हजाराच्या वर एक लाख. या रकमेत खडू, रजिस्टरे, वीजबिल, स्वच्छतेचे सामान आणि किरकोळ दुरुस्ती असे सगळे बसवायचे. किमान दहावा हिस्सा स्वच्छतेलाच लावायचा. म्हणजे माझ्या त्या शाळेसारख्या शाळेच्या वाट्याला महिन्याला आठशे तेहेतीस रुपये येतात.

आता हिशेब प्रामाणिकपणे करू. डोईमागे पाहिले तर लहान शाळेवर अन्याय झालेला दिसत नाही. १० हजारांत २० मुले म्हणजे मुलामागे ५०० रुपये. ५० हजारांत २५० मुले म्हणजे मुलामागे २०० रुपये. एका बैठकीत मला हेच ऐकवले गेले होते आणि आकडे बिनचूक होते. चूक मापात होती. पुस्तके, गणवेश, तांदूळ हे मुलांच्या संख्येवर मोजायचे, ते बरोबरच. पण छपराला पट कळत नाही. दोन खोल्यांवर बारा मुले असोत की साठ, कौले तेवढीच लागतात, वाशांना वाळवी तेवढीच लागते, आणि गवंडी हजेरीपट बघून मजुरी कमी करत नाही.

जुन्या लोकांना आठवत असेल, सर्व शिक्षा अभियानाच्या काळात देखभाल-दुरुस्तीचे अनुदान वेगळे यायचे आणि ते खोल्यांवर ठरायचे. तीन खोल्यांपर्यंत ५ हजार, त्याहून जास्त खोल्या असतील तर १० हजारांपर्यंत. रक्कम तेव्हाही तुटपुंजी होती. पण माप बरोबर होते. पुढे वेगवेगळी अनुदाने एका गाठोड्यात बांधली गेली. हेतू चांगला होता, मुख्याध्यापकाला पाच ठिकाणी हिशेब ठेवायला लागू नये. पण त्या गाठोड्यात दुरुस्तीचा पैसा हरवला. वीजबिल दर महिन्याला दारात येते, गळती जूनमध्ये येते. थैली एकच असली की आधी बिल भरले जाते आणि छप्पर मागे राहते.

आणि हे सगळे एकाच गजाने मोजायचे, तेही सातारा आणि सांगली अशा दोन जिल्ह्यांत जिथे निसर्गच प्रत्येक तालुक्याला वेगळा वागवतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. त्याच सातारा जिल्ह्यात दहिवडीला पाचशेच्या आसपास. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या शाळेला छप्पर आणि भिंतीची ओल खाते. माण, खटाव, आटपाडी, जतकडे पत्र्याची शाळा एप्रिलमध्ये भट्टीसारखी तापते आणि कूपनलिका आटते. सांगली-मिरज भागात कृष्णा ठरवते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा महापूर. पूर ओसरल्यावर शाळेतला गाळ फावड्याने काढता येतो. पण पाणी प्यालेला गिलावा, फुगलेली दारे, बिघडलेली वायरिंग हे पुढची दोन-तीन वर्षे त्रास देत राहते. तोपर्यंत पंचनाम्याची फाइल बंद झालेली असते.

म्हणून सगळ्यांना सारखे देणे म्हणजे न्याय, हे मला पटत नाही. डोंगरात सिमेंटचे पोते नेणे म्हणजे रस्ता संपेपर्यंत टेम्पो आणि पुढे माणसाची पाठ. माझ्या शाळेला पंचवीस पोती लागली तेव्हा पालकांनी ती एकेक करून वर आणली. त्या पाठीची मजुरी कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हती.

दुसरा मुद्दा मला याहून जिव्हाळ्याचा वाटतो. आपल्याकडे शाळा बांधायला पैसा उभा राहतो, सांभाळायला राहत नाही. नव्या खोलीसाठी जिल्हा वार्षिक योजना आहे, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी आहे, कधी एखादी कंपनी असते. नव्या खोलीचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते, कोनशिला बसते. पन्हळ बदलली, वाळवीवर औषध मारले, गच्चीवर जलरोधक थर दिला, याची कोनशिला कोण बसवणार? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची खोली, मैदान, कुंपण हे सगळे आहे. कायदा २०१० च्या १ एप्रिलपासून लागू झाला आणि त्यानंतर खोल्या आणि स्वच्छतागृहे बरीच बांधली गेली, हे मान्यच करायला हवे. पण परिशिष्टात 'असावे' असे लिहिले आहे. ते पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी चालू राहावे म्हणून लागणारा पैसा कुठून यायचा, हे तितक्या स्पष्टपणे कुठेच लिहिलेले नाही.

माण तालुक्यातल्या एका शाळेत मी तपासणीला गेलो होतो. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप. आतली फरशी अजून चकचकीत, दारावर योजनेचे नाव रंगवलेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, टाकी भरायची कशानं? टँकरचं पाणी पोरांना प्यायलाच पुरंना." सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जात आणि त्यातल्या दोघी-तिघी दुपारी परत येत नसत. कागदावर त्या शाळेत स्वच्छतागृह होते. बांधकामाचा हिशेब चोख होता. पाण्याचे एक कनेक्शन आणि महिन्याचा थोडा खर्च, एवढ्यावाचून तो सगळा पैसा वाया गेला होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता. काही ग्रामपंचायतींनी त्यातून शाळेची टाकी, नळ केले, आणि ते चांगले झाले. पण तो निधीही मुख्यतः लोकसंख्येवर येई. मोठ्या गावाला जमे, डोंगरातल्या वाड्यांच्या ग्रामपंचायतीला जमत नसे.

शहरातल्या वाचकाला इथपर्यंत वाचून वाटेल की हा गृहस्थ खेड्याचीच बाजू मांडतो आहे. तसे नाही. साताऱ्याच्या पेठांतल्या किंवा सांगली-मिरजेच्या नदीकाठच्या वस्त्यांतल्या पालिका शाळांची दुखणी मी जवळून पाहिली आहेत. तिथे येणारी मुले हमालांची, धुणीभांडी करणाऱ्या बायांची, बांधकामावरच्या मजुरांची. ज्यांना परवडते त्यांनी मुले केव्हाच दुसरीकडे घातली, त्यामुळे या शाळांसाठी भांडणारा आवाजही शहरात उरलेला नाही. खेड्यात शाळा गळली तर निदान सरपंचाच्या नजरेला पडते. शहरात शेजारच्या गल्लीतल्या माणसालाही पत्ता नसतो. शहराच्या कडेला तर आणखी एक घोळ असतो. हद्दवाढ होते, २०२० मध्ये साताऱ्याचीही झाली, आणि काल ग्रामपंचायतीत असलेला भाग आज पालिकेत येतो. अशा वेळी जागा एकाची, इमारत दुसऱ्याची आणि दुरुस्ती कोणाचीच नाही, अशी शाळेची गत होऊ शकते. हद्दवाढीच्या आदेशातच शाळा कोण सांभाळणार हे तारखेसह लिहिले पाहिजे.

शहरातला माणूस म्हणतो, आम्ही कर भरतो. भरतोच. पालिकेच्या घरपट्टीच्या बिलात 'शिक्षण कर' अशी वेगळी ओळ असते. १९६२ च्या उपकर कायद्यानुसार पालिका तो गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. तिथून पुढे तो शिक्षणाच्या एकूण खर्चात मिसळून जातो. माझ्या घरपट्टीतल्या त्या ओळीतून माझ्या वॉर्डातल्या शाळेची मोरी दुरुस्त झाली की जतमधल्या एखाद्या कन्नड माध्यमाच्या शाळेची खोली, हे मला कधीच कळणार नाही. मला दोन्ही चालेल. पण यांपैकी काहीतरी झाले, एवढे तरी दिसावे. जिल्ह्यात गोळा झालेल्या शिक्षण कराचा ठरावीक हिस्सा त्याच जिल्ह्यातल्या सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांच्या देखभालीसाठी बांधून द्यावा, ही माझी पहिली मागणी आहे. आणि ज्या जिल्ह्यात शहरे थोडी, त्याची तूट राज्याने भरून काढावी. नाहीतर पुण्याच्या शाळा चकाचक होतील आणि आमच्याकडची पातेली तशीच मांडलेली राहतील.

यावर सर्वांत मोठा आक्षेप येतो तो लहान शाळांबद्दल. दहा-पंधरा मुलांसाठी लाखभर रुपयांचे छप्पर कशाला, त्यापेक्षा पाच वाड्यांची मुले एका मोठ्या शाळेत न्या. समूह शाळांची कल्पना २०२३ मध्ये याच विचारातून पुढे आली. सपाटीवर, जिथे बारमाही रस्ता आहे आणि गाडीची खात्री आहे, तिथे याचा विचार करायला माझी हरकत नाही. मोठ्या शाळेत मुलांना सोबती मिळतात, खेळाचा संघ होतो, हे मी नाकारत नाही. पण पहिलीतल्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, हा नियम उगाच झालेला नाही. माझ्या वस्तीच्या आणि खालच्या गावाच्या मधे एक ओढा होता. जुलै-ऑगस्टमध्ये तो दोन-दोन दिवस उतरत नसे. नकाशावर अंतर दीड किलोमीटर. त्या दीड किलोमीटरचा खरा अर्थ ओढ्याच्या काठावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. याच पाटण तालुक्यात जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. तिथल्या सहा वर्षांच्या मुलाला रोज लांबच्या शाळेत पाठवा असे सांगण्याआधी सांगणाऱ्याने एक पावसाळा तिथे काढावा.

शिवाय पट कमी होतो तो कशामुळे? गळकी खोली बघून ज्याच्या हातात चार पैसे आहेत तो बाप मुलाला खालच्या बाजारगावात, इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतो. पट घटतो. पट घटून खालच्या टप्प्यात गेला की अनुदान घटते. अनुदान घटले की खोली आणखी गळते. मग पुढच्या वर्षी कागदावर लिहिले जाते की पालकांनाच शाळा नको आहे. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी घडताना पाहिले आहे. सतराचा पट तिसऱ्या वर्षी अकरावर आला. छप्पर नीट झाले आणि चौथ्या वर्षी तेरा झाले. दोनच मुले परत आली, पण आली.

मग कोणी म्हणते, लोकवर्गणी करा. हा सातारा जिल्हा आहे, इथे कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव निघणारच, आणि निघावे. १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली, घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहे चालली, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. आमच्या पिढीला हे तोंडपाठ आहे. पण त्या मुष्टिफंडाचा एक गुण आपण विसरतो. मूठ सगळ्या घरांतून यायची, ज्याच्या घरात जेवढे त्यातली मूठ. आणि ते राज्य परक्यांचे होते. आज आपलेच राज्य आहे, शिक्षण हा मुलाचा हक्क म्हणून कायद्यात लिहिला आहे. ज्याची जबाबदारी सरकारने स्वतःवर घेतली, त्यासाठी पुन्हा सूप घेऊन दारोदार फिरा असे गरिबाला सांगणे मला कर्मवीरांच्या कामाशी सुसंगत वाटत नाही.

शिवाय लोकवर्गणी कुठे जमते ते पाहा. खानापूर-आटपाडीकडची माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. तिकडच्या कितीतरी गावांत त्यांनी शाळेला खोल्या, संगणक, कमानी दिल्या. पाटण-जावळीतले माथाडी कामगार मुंबईत ओझी वाहून गावाच्या शाळेसाठी पैसे पाठवतात. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण ज्या वाडीतले कोणी गलाईला गेले नाही, ज्या तांड्यावरची माणसे दिवाळीनंतर कोयते घेऊन उसाच्या फडात जातात, त्या मुलांच्या छपराचे काय? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळा दत्तक देण्याची योजना काढली तेव्हाही मला हीच काळजी वाटली होती. देणगीदार हमरस्त्यालगतची, पट असलेली, फोटोत चांगली दिसणारी शाळा निवडणार, त्यात त्याचा दोष नाही. देणगीने मुलांच्या वाचनालयात भर पडावी, मैदानावर खेळाचे साहित्य यावे. छप्पर, भिंत, पाणी, स्वच्छतागृह या चार गोष्टी मात्र कोणाच्या दयेवर नसाव्यात.

करता काय येईल, तेही सांगतो. देखभालीचा पैसा संयुक्त अनुदानातून बाहेर काढावा आणि इमारतीवर मोजावा: छपराचे क्षेत्रफळ, इमारतीचे वय, त्या तालुक्याचा पाऊस किंवा पूररेषा, आणि रस्त्यापासूनचे अंतर. ही माहिती मिळवणे अवघड नाही. प्रत्येक शाळा दरवर्षी यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीत किती खोल्या चांगल्या, किती किरकोळ दुरुस्तीच्या आणि किती मोठ्या दुरुस्तीच्या हे भरतेच. मी स्वतः कितीतरी वर्षे भरले. त्या रकान्यांचा निधीशी थेट संबंध जोडला की काम झाले.

दुसरी गोष्ट पैशाइतकीच महत्त्वाची, ती म्हणजे वेळ. गळतीचा प्रस्ताव मुख्याध्यापकाकडून केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, बांधकाम उपविभागाचे शाखा अभियंता, जिल्हा परिषद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा असा फिरत मार्चअखेर मंजूर होतो. कार्यारंभ आदेश हातात पडेस्तोवर मे उजाडतो, आणि पश्चिमेकडे तोवर वळीव सुरू झालेला असतो. मग घाईने पत्रे ठोकले जातात किंवा काम पुढच्या वर्षावर जाते. घाट भागातल्या शाळांचा दुरुस्ती निधी जानेवारीत खात्यावर हवा. ठरावीक रकमेपर्यंतचे काम शाळा व्यवस्थापन समितीने निविदेशिवाय करावे. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. कोणत्या कोपऱ्यात गळते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? गैरव्यवहाराची भीती सांगितली जाते. ती मोठ्या ठेक्यातही असतेच, आणि गावाच्या डोळ्यांदेखत बदललेली कौले मोजायला सोपी असतात.

आणि निर्लेखन. हा शब्द जिल्हा परिषदेबाहेर फारसा कोणाला माहीत नसतो. मोडकळीला आलेली खोली पाडायची तर आधी तिचे निर्लेखन, म्हणजे सरकारी दप्तरातून तिची नोंद काढणे, मंजूर व्हावे लागते, आणि जुनी खोली निर्लेखित झाल्याशिवाय तिच्या जागी नवी मंजूर होत नाही. मधल्या काळात ती खोली तशीच उभी असते. दाराला दोरी बांधायची, 'आत जाऊ नये' असे खडूने लिहायचे आणि मधल्या सुट्टीत शिक्षकाने तिथे उभे राहायचे. मी उभा राहिलो आहे. मुले लपंडाव खेळताना नेमकी तिथेच जातात. धोकादायक खोलीच्या निर्लेखनाला नव्वद दिवसांची मुदत घालावी आणि मुदतीत निर्णय झाला नाही तर ते मंजूर धरावे.

शेवटी यादी. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांची, शहरातल्या आणि खेड्यातल्या एकत्र, दुरुस्तीच्या निकडीप्रमाणे एकच यादी लावावी आणि ती पंचायत समितीच्या आणि पालिकेच्या दारावर चिकटवावी. मिरजेतली पुरात भिजलेली शाळा वर असेल तर ती आधी घ्या; जतची असेल तर जतची. क्रम मोडून कोणाचे काम आधी झाले तर का झाले, हे त्याच यादीखाली लिहा.

पावसाळ्याआधीची शेवटची ठरलेली ग्रामसभा १ मे रोजी असते. त्या सभेत घरकुल, पाणी, रस्ता यांवर तासन्‌तास बोलणे होते. यंदा कोणीतरी उठून विचारावे की आपल्या शाळेचा प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहे, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. माझ्या वस्तीवर हे एका आजीने विचारले होते. तिची नात तीच, पाटीवाली. आजीला लिहिता येत नव्हते. ग्रामसेवकाने इतिवृत्त लिहिले आणि तिचा अंगठा घेतला. ती नक्कल जोडून मी प्रस्ताव पुन्हा पाठवला, आणि त्यावर सही झाली.